बाळसे आणि फरशी : भाचीस पत्र

सातारा

चि. सौ. मृणाल हिस,


गेल्या पंधरवड्यात तुमच्याकडे चार दिवस राहून आलो, तेव्हापासून जी गोष्ट मनात घोळते आहे ती फोनवर घाईघाईने सांगण्यापेक्षा लिहून कळवावी, म्हणजे तुला सवडीने वाचता येईल आणि पटले नाही तर पुन्हा विचारता येईल, असे ठरवून हे पत्र लिहीत आहे.

कामवाली बाई जंतुनाशक घातलेल्या पाण्याने फरशी पुसून जाते न जाते तोच तुझा नऊ महिन्यांचा लेक त्या ओल्या फरशीवरून रांगत निघाला, मध्येच बसला, दोन्ही तळहात फरशीवर थापटले आणि उजव्या हाताची चारही बोटे तोंडात घातली. मी त्याला उचलून घेतले तेव्हा त्या बोटांचा उग्र वास मला आला. दुपारी पुन्हा तीच फरशी पुसली गेली, संध्याकाळी पुन्हा तीच. शिवाय फ्रिजच्या दारात मागच्या सर्दीच्या वेळची प्रतिजैविकाची अर्धी बाटली जपून ठेवलेली होती. आणि त्याच रात्री, सासरच्या घराण्यातील स्थूलतेचा विचार करून, ‘मामा, हासुद्धा पुढे लठ्ठ होईल का?’ असे तू मला विचारलेस.

लठ्ठपणा म्हणजे अतिआहार आणि अल्पश्रम यांचा जमाखर्च, एवढाच हिशेब आमच्या पिढीला ठाऊक होता; तो खोटा नाही, पण त्या वहीत आणखी एक खाते आहे, आणि त्याचा एक सुगावा मुंबईतच लागला. १९८०च्या दशकात डॉ. निखिल धुरंधर तेथे स्थूल रुग्णांवर उपचार करीत असताना पशुवैद्यक शास्त्रज्ञ डॉ. अजिंक्य यांच्याकडून त्यांना समजले की, कोंबड्यांमधील एका विषाणूच्या साथीत मेलेल्या पक्ष्यांच्या पोटात चरबी साचलेली आढळते. रोगाने प्राणी झडावा, हा सर्वसाधारण नियम असता हे विपरीत कसे, या शंकेपोटी त्यांनी कोंबड्यांना तो विषाणू देऊन पाहिला, तेव्हा त्यांची चरबी वाढली आणि रक्तातील कोलेस्टेरॉल मात्र उतरले. पुढे त्यांनी ५२ स्थूल माणसांचे रक्त तपासले, त्यांतील १० जणांत त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली, आणि हे दहाजण इतरांहून वजनदार होते. १९९७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. एवढ्यावरून स्थूलता हा साथीचा रोग ठरत नाही, परंतु संसर्ग आणि चरबी यांचा संबंध असू शकतो हा विचार शास्त्राच्या दरबारात रुजू झाला, ही गोष्ट मी लहान मानत नाही.

त्याहून तुझ्या कामाची नोंद कॅलिफोर्नियातील आहे. १९९७ ते २०१३ या काळात जन्मलेल्या २,६०,५५६ मुलांचे वैद्यकीय दप्तर तपासले असता असे दिसले की, पहिल्या वर्षात संसर्ग झालेल्या पण प्रतिजैविक न दिलेल्या मुलांत पुढे स्थूलतेचा धोका, संसर्ग न झालेल्या मुलांपेक्षा, सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होता. आणि प्रतिजैविक दिल्याने त्यात निराळी भर पडलेली आढळली नाही. आजवर सारा दोष औषधावर ठेवला जाई, तो अंशतः तरी मूळ दुखण्याचा असावा, असा याचा अर्थ. बालकाच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांची वसाहत पहिल्या वर्षातच बसत असते, आणि संसर्गाने ती घडी विस्कटत असावी, असा संशोधकांचा तर्क आहे.

मग फरशी दिवसातून दहा वेळा पुसावी काय? येथेच कॅनडातील २०१८ सालचे संशोधन आडवे येते. ७५७ बालकांच्या त्या पाहणीत, ज्या घरांत जंतुनाशकांचा वापर वरचेवर होता तेथील तीन-चार महिन्यांच्या मुलांच्या आतड्यात एका विशिष्ट कुळातील जिवाणू अधिक आढळले, आणि तिसऱ्या वर्षी त्या मुलांचे वजन उंचीच्या मानाने जास्त भरले. हा कार्यकारणाचा अंतिम दाखला नव्हे, हे संशोधकांनीही कबूल केले आहे. तरीपण रांगत्या मुलाच्या तळहाताखाली रोज तीनदा रसायन पसरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

म्हणून संसर्ग टाळण्याचा बंदोबस्त कर, पण तो योग्य ठिकाणी कर. शौचानंतर आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात, उकळलेले पाणी, वेळेवर लसी आणि तुझे दूध, यांत तिळमात्र ढिलाई नको. आपल्या देशात अतिसार अजून मुले नेतो, हे विसरून चालणार नाही. फरशीला साधे पाणी आणि थोडा साबण पुरे. जंतुनाशक शौचालयापुरते ठेव. लेकाचे आजचे बाळसे पाहून घाबरू नकोस आणि त्याचे दूधही तोडू नकोस. वजन-उंचीचा तक्ता डॉक्टरांकडून दर भेटीत भरून घे. आणि फ्रिजमधली ती अर्धी बाटली पुन्हा कधीही वापरू नकोस. एकदा पाणी घालून कालवलेल्या औषधाची मुदत थोड्याच दिवसांची असते, आणि पुढच्या तापात कोणते औषध द्यायचे, किंवा द्यायचे की नाही, हे त्या वेळी त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

तुझा,
मामा