नातवाच्या कानाला ‘त’ आणि ‘ट’ सारखेच?

प्रश्न : कॅनडात वाढणारा माझा सहा वर्षांचा नातू तुपाला ‘टूप’ म्हणतो. चूक दाखवली, की ‘तेच तर म्हणालो!’ म्हणतो. त्याच्या कानात दोष असेल का?

उत्तर : बाकी सगळं नीट ऐकू येत असेल, तर काळजी नको. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी 1984मध्ये दाखवलं, की इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक कळतो, पण वर्षाच्या आसपास बहुतेकांना तो कळेनासा होतो. इंग्रजीत या फरकाने अर्थ बदलत नाही, म्हणून मेंदू तिकडे दुर्लक्ष करतो. सरावाने हा फरक पुन्हा ओळखता येऊ शकतो. आधी ‘ताक-टाक’, ‘दावा-डावा’ अशा जोड्या घरातल्या वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात ओळखायला लावा, उच्चार मागाहून. हसू मात्र नका, नाहीतर तो मराठी बोलणंच टाळेल.