वार कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नका
गाय गाभडली की गावात कारणं तयारच असतात. पाय घसरला असेल, दुसरीचं शिंग लागलं असेल, पेंड उष्ण पडली असेल. आमच्या गोठ्यातली एचएफ संकरित गाय सहाव्या महिन्यात गाभडली तेव्हा हे सगळं ऐकून झालं. तिला ताप नव्हता, चारा नीट खात होती, दूधही रोजच्याइतकंच. पुढे दुसरी गाय त्याच महिन्यात गाभडली, तेव्हा डॉक्टरांनी दोघींचं रक्त तपासायला घेतलं.

आधी ब्रुसेला. हा जिवाणू माणसालाही लागतो, म्हणून निकाल येईपर्यंत कच्चं दूध बंद आणि उघड्या हातानं वार ओढायला सक्त मनाई. ब्रुसेला निघाला नाही. निघाला तो नियोस्पोरा. हे नाव आमच्या वाडीत कुणीच ऐकलेलं नव्हतं.

डोळ्यांना न दिसणारा हा एकपेशीय परजीवी. बाधित वार किंवा गाभडलेलं वासरू कुत्र्यानं खाल्लं की तो त्याच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि चाऱ्या-पाण्यातून गाईच्या पोटात जातो. कुत्रं ठणठणीत, गायही ठणठणीत. जीव जातो तो गर्भाचा, बहुतेकदा पाचव्या-सहाव्या महिन्यात. बाधित गाईची कालवड धडधाकट जन्मली तरी बहुधा हा परजीवी पोटातूनच घेऊन येते आणि पुढे आपल्या वासराला देते. खात्रीचं औषध नाही, बाजारात लस नाही. म्हणून सगळी भिस्त राखणीवर.

आमच्याकडे दूध वाढावं म्हणून वार पोत्यात घालून वडाला टांगतात. पोतं फाटलं की वार खाली येते आणि कुत्र्यांचं फावतं. तीच कुत्री मग मुरघासाच्या ढिगावर उबेला झोपतात, तिथेच घाण करतात. रीत जुनी आहे हे मान्य, पण गोठ्याला ती परवडणारी नाही. वार खोल खड्ड्यात पुरा, वर चुना टाका, माती दाबा आणि उकरू नये म्हणून बाभळीच्या फांद्या ठेवा. कुत्र्यांना मारू-हाकलू नका, राखणीला ती लागतातच. त्यांना कच्चं मांस घालू नका. पेंड, मुरघास आणि पाण्याची टाकी झाकून ठेवा.

गाभडलेलं वासरू मात्र लगेच पुरू नका. हातमोजे घालून वासरू आणि वारेचा तुकडा दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत भरा, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा. फ्रीजरमध्ये गोठवू नका; मेंदू आणि काळीज तपासायचं असतं, गोठलं की तपासणी बिघडते. गाईचा स्राव थांबेपर्यंत तिला वेगळं बांधा.

प्रत्येक गर्भपात नियोस्पोराचा नसतो. अंग तापलं असेल, खांद्यापुढची गाठ सुजली असेल, डोळ्यांची आतली कड फिकट पडली असेल तर गोचीड तापाचा, म्हणजे थायलेरियाचा, संशय घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. उशीर झाला तर गर्भ जातो, कधी गायही जाते. जंताच्या औषधाचंही भान ठेवा: अल्बेंडाझोल गाईला भरवल्यापासून पहिले 45 दिवस अजिबात देऊ नये, त्यानं गर्भात व्यंग येऊ शकतं. भरवल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहिलेली असेल तर घरातलं कुणीही औषध देण्याआधी ती पाहील.

पहिल्या गाईची आधीच्या वेतातली कालवड आमच्याकडे होती, दिसायला देखणी. तिचं रक्तही बाधित निघालं. पैदाशीला ठेवली नाही. विकताना घेणाऱ्याच्या हातात तपासणीचा कागद दिला. भाव पडला, तरी कागद लपवून दुसऱ्याच्या गोठ्यात हे दुखणं धाडायचं नव्हतं. बाजारातून गाभण गाय घेणार असाल तर इसार देण्याआधी ब्रुसेला आणि नियोस्पोरा दोन्हींसाठी तिचं रक्त तपासून मागा.