डेटाबेसमधील तक्ता : नाव, ओळख आणि डिस्कवरील जागा

शासकीय योजनेच्या लाभार्थ्यांची यादी असो वा बँकेतील खात्यांचा तपशील, मोठ्या प्रमाणावरील नोंदी आज बहुधा रिलेशनल डेटाबेसमध्ये तक्त्यांच्या रूपाने साठविल्या जातात. वापरणाऱ्यास तक्त्याचे नाव पुरेसे असते. डिस्कवर मात्र त्या नावाची फाइल असेलच असे नाही. ही फारकत का केली जाते, हे ‘पोस्टग्रेसक्यूएल’ या मुक्त प्रणालीच्या उदाहरणाने स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडले. माहिती यंत्रात कोठे व कशी ठेवली आहे, हे जाणून घेण्याची गरज वापरणाऱ्यास पडू नये, हा त्यामागील प्रमुख विचार होता. पोस्टग्रेसक्यूएलचा उगम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. सध्याचे नाव तिला १९९६ मध्ये मिळाले.

तीन स्तर

या प्रणालीत तक्त्यास तीन स्तरांवर ओळखले जाते. पहिला स्तर नावाचा. ते केव्हाही बदलता येते. दुसरा ‘ओआयडी’ या अंतर्गत क्रमांकाचा. तक्ता अस्तित्वात असेपर्यंत तो कायम राहतो. तिसरा ‘रेलफाइलनोड’चा, हा डिस्कवरील फाइलचा क्रमांक होय. या तिन्हींची नोंद ‘पीजी_क्लास’ या सूची-तक्त्यात असते. आरंभी ओआयडी व फाइल क्रमांक अनेकदा सारखेच असतात. त्यामुळे ते एकच असल्याचा गैरसमज होतो.

समजा, डेटाबेसचा ओआयडी १६३८४ आणि तक्त्याचा फाइल क्रमांक १६४२१ आहे. तक्ता नेहमीच्या जागी असल्यास त्याची फाइल ‘बेस’ डिरेक्टरीतील ‘१६३८४’ या उपडिरेक्टरीत ‘१६४२१’ नावाने सापडते. तक्ता दुसऱ्या डिस्कवर हलविल्यास ‘टेबलस्पेस’चा क्रमांकही पत्त्यात येतो.

फाइल १ जीबीची झाली की पुढील भाग ‘१६४२१.१’, ‘१६४२१.२’ अशा फाइलींत जातो. प्रत्येक फाइल ८ केबीच्या पृष्ठांत विभागलेली असते, म्हणजे १ जीबीत १,३१,०७२ पृष्ठे मावतात. पृष्ठांची मोजणी शून्यापासून होत असल्याने १,३१,०७२ या क्रमांकाचे पृष्ठ दुसऱ्या फाइलीच्या आरंभी येते. पृष्ठ क्रमांक व पृष्ठातील स्थान यांवरून ओळ शोधली जाते.

एक प्रश्न उरतो : सूची-तक्ताच शोधायचा असेल तर? ‘पीजी_क्लास’च्या स्वतःच्या नोंदीत फाइल क्रमांक शून्य असतो. त्याचा खरा क्रमांक ‘पीजी_फाइलनोड.मॅप’ या लहानशा स्वतंत्र फाइलीत असतो.

फारकतीचे प्रयोजन

तक्त्यातील मोकळी जागा काढून टाकण्यासाठी ‘व्हॅक्यूम फुल’ ही आज्ञा दिली जाते. तेव्हा जुन्या फाइलीस हात न लावता नव्या क्रमांकाची फाइल लिहिली जाते आणि व्यवहार पूर्ण होताच सूचीतील क्रमांक बदलतो. मध्येच वीज गेली, तर सूचीत जुनाच क्रमांक राहतो आणि नोंदी सुरक्षित राहतात. मात्र नवी प्रत तयार होईपर्यंत डिस्कवर तेवढी जादा जागा लागते. ‘ट्रंकेट’ आज्ञेनेही साधारणतः फाइल क्रमांक बदलतो. ओआयडी बदलत नाही.

म्हणून अनोळखी क्रमांकाची फाइल निरुपयोगी समजून पुसणे घातक ठरते. ती हजारो लाभार्थ्यांची यादी असू शकते. तक्त्याची एकच फाइल उचलून दुसरीकडे ठेवणे हाही बॅकअप नव्हे, कारण कोणते व्यवहार पूर्ण झाले याची नोंद अन्यत्र, ‘पीजी_एक्सॅक्ट’ डिरेक्टरीत असते. फाइलीचा मार्ग जाणून घेण्यासाठी ‘पीजी_रिलेशन_फाइलपाथ’ हे फंक्शन आहे.

लक्षात ठेवण्याजोगे मुद्दे

• नाव माणसासाठी, ओआयडी ओळखीसाठी, फाइल क्रमांक जागेसाठी.
• फाइलीची मर्यादा १ जीबी, पृष्ठाचा आकार ८ केबी (दोन्ही मूळ मांडणीनुसार).
• जागा बदलली तरी ओळख कायम राहते. तक्त्याची सुरक्षित पुनर्बांधणी यामुळेच शक्य होते.