रंकाळ्याचे केंदाळ

कोल्हापुरास गेला आणि रंकाळा पाहिला नाही, असा वाचक विरळा. हा तलाव गेल्या काही दशकांत अनेकदा केंदाळाने, म्हणजे जलपर्णीने, झाकून गेला. महापालिकेने यंत्रे लावली, नागरिकांनी श्रमदान केले. हे स्तुत्य होय. परंतु केंदाळ पुनः का उगवते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. मोरीचे व शौचकूपाचे पाणी नाल्यांवाटे तलावात आले, की त्यातील नत्र व स्फुरद हेच तिचे खत होते. मग सुमारे दोन आठवड्यांत ती दुप्पट पसरते. तिच्या दाट आच्छादनाने उजेड अडतो, पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे मरतात. म्हणून नाला तसाच वाहू दिला, तर उपसण्याचे श्रम व्यर्थ जातात.

नदीचेही असेच आहे. शहराचे सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेत जात आले आहे. खालच्या अंगास असलेल्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यामुळे काविळीची साथ येऊन माणसे दगावली. वरच्या आळीची घाण खालच्या आळीच्या घागरीत येते, ती अशी.

आपण खेड्यातील माणसे एवढे तरी करू : मोरीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा परसातील केळीला सोडू, आणि गुरे तळ्यात न धुता काठापासून दूर धुऊ.

विचारासाठी प्रश्न :
१. आपल्या घरचे सांडपाणी शेवटी कोठे जाते?
२. ते पाणी पुढे कोण पितो?