सगळे खडू एकाच जातीचे असतात का?

प्रश्न : शाळेतला खडू, शिंप्याचा खडू, वेटलिफ्टर हाताला चोळतात तो खडू आणि मुंग्या-झुरळांचा खडू, हे सगळे एकाच पदार्थाचे असतात का? आणि जी मुलं खडू खातात त्यांना कॅल्शियम कमी पडतं, हे खरं का?

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या चारही खडूंचे पदार्थ वेगवेगळे आहेत. सारखा आहे तो पांढरा रंग आणि घासल्यावर झिजण्याचा गुण.

खडू हा मुळात एक खडक. सूक्ष्म समुद्री शैवालांची चुन्याची कवचं तळाशी साचत, दबत गेली आणि लाखो वर्षांत त्यांचा हा मऊ खडक झाला. इंग्लंडमधले डोव्हरचे पांढरे कडे याच खडकाचे आहेत. रसायनशास्त्राच्या भाषेत तो कॅल्शियम कार्बोनेट.

आपल्याकडच्या शाळेतला साधा खडू मात्र बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. जिप्समचे मोठे साठे राजस्थानात आहेत. ते सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस मिळतं. त्यात पाणी कालवून साच्यात ओतलं की थोड्याच वेळात ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. मग खडू उन्हात वाळवायचे. भट्टी लागत नाही, म्हणून हा उद्योग घरच्या घरीही करता येतो. ‘डस्टलेस’ खडू बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्याचीही धूळ होते, पण कण जड असल्यामुळे ती हवेत न तरंगता खाली बसते. तुमच्याकडचा खडू कोणता, ते पाहायचं असेल तर त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर त्यात कार्बोनेट आहे. जिप्सम ढिम्म राहतं.

शिंप्याची चपटी वडी शंखजिऱ्याची किंवा मऊ मातीची असते. काही वड्या मेणाच्याही मिळतात. वेटलिफ्टर चोळतात ते मॅग्नेशियम कार्बोनेट. ते घाम शोषतं, त्यामुळे पकड सुटत नाही. कॅरमवरची बोरिक पावडर दिसते तशीच, पण काम नेमकं उलटं करते : सोंगट्या सरकवते. बिलियर्ड्सच्या काठीला लावतात त्या निळ्या खडूत तर सिलिका आणि कुरुंदासारखे खरखरीत कण असतात. विल्यम स्पिंक्स हा खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ यांनी १८९७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

आता खडू खाण्याविषयी. ‘कॅल्शियम कमी आहे, म्हणून खातो’ असं म्हणून घरोघरी कॅल्शियमची बाटली आणली जाते. प्रत्यक्षात माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खाण्याची ओढ अनेकदा लोहाच्या कमतरतेबरोबर दिसते. गरोदर स्त्रियांमध्येही ती आढळते. त्यामुळे रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

राहिला मुंग्या-झुरळांचा खडू. त्यात डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक मिसळलेलं असतं, आणि दिसायला तो हुबेहूब शाळेतल्या खडूसारखा. लहान मूल दोन्हींत फरक करू शकत नाही. असा खडू घरात असेल तर तो मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, कुलपात ठेवा आणि वापरल्यावर हात साबणानं धुवा.