तोंडात घालणारच ते!

कर्जत लोकलने दोन तास उभ्याने येऊन घरात पाऊल टाकावं, तर बाळाच्या तोंडात चपलेचा पट्टा! “ए, सोड ते!” म्हणून आपण ओरडतो आणि गप्प करायला मोबाइल देतो. खोपोलीला कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्यांच्या घरात तरी दुसरं काय होतं? अंगात त्राण नसतं, वर जीव घाबरतो.

पण सहा-आठ महिन्यांचं बाळ जग ओळखतं ते तोंडाने. गार की कोमट, मऊ की खरखरीत, सगळं चोखून बघायचं. आपण ओरडलो की बिचारं दचकतं. आपलं काय चुकलं, ते त्याला कुठं कळतं?

मग ऑनलाइन महागडी खेळणी येतात. खरं तर स्वयंपाकघर पुरतं. स्टीलची वाटी, पळी, धुतलेल्या सुती साडीचा तुकडा. वरचं खाणं सुरू झालं असेल, तर गार केलेला मऊ भात परातीत पसरून द्या. चिवडू दे, चाटू दे, तोंडाला फासू दे. बाळांच्या खेळांच्या व्हिडिओत दिसतात ते रंगीत कच्चे तांदूळ मात्र नकोत. तांदूळ, हरभरे, चिंचोके, शेंगदाणे नाकात जातात, घशात अडकतात. तोंडात अख्खं मावेल ते सगळं वर ठेवायचं. रिमोटमधले बटणासारखे सेल तर कुलपातच. गिळले तर अन्ननळी आतून भाजते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी काढली, तेव्हा पानं, शंख-शिंपले, दगड-गोटे हीच खेळणी होती. ती मुलं मोठी होती, हे विसरू नका. रांगत्या बाळाच्या हाती गोटा नको, पान दिलंत तरी हात धरून.

पाण्यात छपछप सगळ्यांनाच आवडते. परातीत बोटभर पाणी पुरे, पण दाराची बेल वाजली तर बाळाला कडेवर घेऊनच उठायचं. तेवढ्या पाण्यातही बाळ बुडू शकतं. खेळ संपला की परात, बादली रिकामी करून पालथी. पावसाळ्यात पडवीत बसवण्याआधी गोधडी झटकून घ्या, विंचवाचा नेम नाही.

रोज जमणार नाही. दहा मिनिटं जमली तरी मोबाइल बाजूला ठेवून शेजारी बसा.

सांडलेला भात आजीला खपत नाही, ते वेगळंच. परातीखाली जुनी चादर अंथरा आणि नंतर चारी टोकं धरून अंगणात झटका. कोंबड्या असतील तर झाडूचंही काम नाही.