गारपिटीआधीची बैठक

(या महिन्याच्या साप्ताहिक बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी)



संक्रांत झाली की आपण पावसाची काळजी सोडून देतो. हरभरा घाट्यावर आलेला असतो, गहू ओंबीत असतो, आंबा मोहरलेला असतो. आणि नेमकं त्याच वेळी, थंडी सरता सरता, गारपीट येते. २०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांना गारांनी झोडपलं. ११ फेब्रुवारी २०१८ ला जालना, बीड, बुलढाणा भागात उभी पिकं आडवी झाली. त्या आठवणी आपल्यातल्या पुष्कळ जणींना आहेत.

ही गारपीट येते कशी? या दिवसांत ऊन तापायला लागतं, जमिनीजवळची हवा गरम होते. त्यात समुद्राकडून ओल आली आणि वरच्या अंगाला थंड हवा असली की गरम हवा जोरात वर चढते. तिच्याबरोबर पाण्याचे थेंब उंच जाऊन गोठतात. वाऱ्याला पेलवेनाशी झाली की गार खाली पडते. म्हणून तिच्यासोबत सोसाट्याचा वारा आणि विजाही येतात. पीक आपण उचलून घरात आणू शकत नाही, पण माणसं आणि जनावरं नक्की वाचवू शकतो.

आमच्या गावात काय झालं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीत एक आजी राहायच्या. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, घरी आजी आणि सात वर्षांचा नातू. आजींना ऐकायला कमी येतं. दुपारी आभाळ काळं झालं, वारा सुटला. मी अंगणातली तूर गोळा करायला धावले. समोरची ताई शेळ्या आत घ्यायला गेली. दहा मिनिटांत गारा सुरू झाल्या. आजींच्या घराचा पत्रा वाऱ्याने उचलला आणि पत्र्यावर ठेवलेला दगड आत पडला. नातू खाटेखाली शिरला म्हणून वाचला. आजींच्या खांद्याचं हाड मोडलं. तो हात आजही वर जात नाही.

संध्याकाळी मी समोरच्या ताईला म्हणाले, "मला वाटलं तू गेलीस." ती म्हणाली, "मला वाटलं तू गेलीस."

आम्ही दोघी एकाच गटातल्या. दर आठवड्याला बैठक, बचत, परतफेड, सगळं वेळेवर. पण आजींकडे कोण जाणार, हे कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नव्हतं. आजचा पाठ त्यासाठीच आहे.

१. पत्र्यावरचा दगड खाली उतरवा

पत्रा उडू नये म्हणून आपण दगड ठेवतो. पण जोराच्या वाऱ्यात पत्रा हलतो आणि तोच दगड घरातल्या माणसांवर पडतो. आभाळ मोकळं असतानाच दगड उतरवून पत्रा खालच्या अँगलला किंवा लाकडी वाशाला हुक-बोल्टने कसून घ्या. कडेच्या बाजू आधी, कारण वारा कडेनेच आत शिरतो. खर्चासाठी गटातून अंतर्गत कर्ज घेता येईल. ज्या घराला तेही जमणार नाही, त्यांच्यासाठी जोखीम प्रवणता निधीतून काही करता येईल का, हे ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा.

घराला लागून वाळलेली, पोखरलेली फांदी असेल तर तीही आधीच छाटून घ्या.

२. एक पिशवी, एक घागर

जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा आणि पीकविम्याची पावती ठेवा. ज्यांच्याकडे गटाची रजिस्टरं आणि पेटी आहे, त्यांनी तीही पत्र्याच्या गळतीखाली ठेवू नये. बीपी-शुगरच्या गोळ्या, बॅटरी आणि काडेपेटी हाताशी ठेवा. इशारा आला की मोबाईल चार्ज करा आणि पिण्याचं पाणी भरून झाकून ठेवा. लाईट गेली की नळयोजना बंद पडते. थोडं वाळलेलं सरपण आत घ्या. गारांनंतर हवा एकदम गार होते. बाळंतीण, तान्ही बाळं आणि म्हाताऱ्या माणसांना कोरडे कपडे आणि ऊब लागते.

३. इशारा ओळखा

हवामान खात्याचे रंग लक्षात ठेवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. विजेसाठी 'दामिनी' हे मोफत ॲप आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ते तयार केलं आहे. गटात एकीच्या जरी फोनमध्ये असलं तरी ती बाकीच्यांना कळवू शकते.

फोन नसेल तर आकडे मोजा. वीज चमकल्यापासून ३० मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. हातातलं काम सोडून पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

४. वादळ सुरू असताना

झाडाखाली थांबायचं नाही. जनावरंही झाडाला किंवा तारेच्या कुंपणाला बांधलेली ठेवायची नाहीत. वेळ असतानाच गोठ्यात आणा. घरात बटणं बंद करा, नळाला हात लावू नका. शेतात अडकलात आणि जवळ पक्कं घर नसेल, तर पाय जुळवून उकिडव्या बसा, आडव्या होऊ नका, घोळका करू नका. डोक्यावर घडी केलेलं पोतं धरा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका आणि लगेच १०८ ला फोन करा.

५. कोणाकडे कोण जाणार?

आजच्या पाठातलं सर्वांत महत्त्वाचं काम हे. आज बैठकीतच गल्लीप्रमाणे यादी करा: एकटी राहणारी बाई, अपंग व्यक्ती, ऐकायला कमी येणारे, बाळंतीण, आणि ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी राहिलेली म्हातारी माणसं व लेकरं. ऊसतोडीचा आणि गारपिटीचा हंगाम एकच असतो, हे विसरू नका. वीटभट्टीवरची कुटुंबं आणि गावाजवळ पाल टाकलेले मेंढपाळही या यादीत घ्या. ते आपल्या गटात नसतील, पण गारा गट बघून पडत नाहीत.

प्रत्येक नावापुढे एका ताईचं नाव लिहा, आणि ती गावात नसेल तर दुसरीचं. 'सगळ्या मिळून बघू' असं लिहू नका. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही. जायचं ते इशारा आल्यावर, गारा सुरू व्हायच्या आत.

लोकांना आणायचं कुठे, हेही ठरवा: शाळा, समाजमंदिर की ग्रामपंचायत. आणि त्याची किल्ली कोणाकडे असते? रविवारी कोणाकडे असते? हे आजच विचारून लिहून ठेवा.

६. वादळ थांबल्यावर

तुटलेल्या तारेजवळ कोणी जाऊ नये. १९१२ वर महावितरणला कळवा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, जखमी जनावरासाठी १९६२. पडलेलं घर, पीक, दगावलेलं जनावर यांचे फोटो आवरासावर करण्याआधी काढा. तलाठी, कृषी सहाय्यक, ग्रामसेवक पंचनाम्याला आले की स्वतः हजर राहा. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी पाहून पंचनामा होईपर्यंत जनावर पुरू नका. पीकविम्याचे नियम बदलत असतात, म्हणून गारपिटीचं नुकसान यंदा त्यात बसतं का आणि किती दिवसांत कळवायचं, हे आधीच विचारून घ्या.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गटातल्या किती जणींच्या पत्र्यावर आज दगड आहेत?
२. आपल्या गल्लीत अशी कोण आहे, जिला वादळाचा आवाज ऐकू येणार नाही?
३. आपलं नाव कोणापुढे लिहिलं आहे, हे त्या व्यक्तीला माहीत आहे का?

घरचा अभ्यास: पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकीने आपल्या नावापुढच्या घरी एकदा जाऊन यावं. चहा प्यावा, पत्रा बघावा, "वादळ आलं तर मी येणार" असं तोंडाने सांगावं. यादी ठराव म्हणून प्रोसिडिंगमध्ये लिहा आणि एक प्रत ग्रामसंघात द्या.

आमच्या गावात आता आजींच्या नावापुढे माझं नाव आहे. आभाळ भरून आलं की आजी दाराशी येऊन उभ्या राहतात आणि माझी वाट बघतात. तूर अंगणात असली तरी आधी मी तिकडे जाते.